संत योहानाचा अग्नी आणि राष्ट्रांचे उत्सव

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत, मे महिन्यात दिलेले व्याख्यान)



महोत्सव समितीने आजचे व्याख्यान आमच्याकडे सोपविताना विषय आम्हीच निवडावा असे सांगितले. खरे पाहता विषय आम्ही निवडलेला नाही. तो तुम्हीच आमच्या पुढ्यात आणून ठेवला आहे. गेल्या पावसाळ्यात समितीची जी बैठक झाली, तीत काही तरुणांनी अशी सूचना मांडली की, संत योहान बाप्तिस्ताच्या सणाच्या पूर्वसंध्येस देवळाच्या अंगणात अग्नी पेटवावा, आणि सणाच्या दिवशी गोव्याकडील रीतीप्रमाणे फुलांचे मुकुट घालून विहिरीवर आनंद करावा. त्यावर एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी उठून विचारले की, हे युरोपातील मूर्तिपूजकांचे खूळ आपल्या अंगणात कशाला? त्यांचे बोलणे संपते न संपते तोच दुसऱ्या बाकावरून निराळाच प्रश्न आला. १५ ऑगस्टला मिस्सा आटोपताच आपण तिरंगा फडकवितो. देवाच्या दारात राष्ट्राचा सण करणे योग्य आहे काय? बैठक त्या दिवशी काही न ठरविताच उठली. आम्हीही उत्तर दिले नाही, कारण उत्तर आमच्यापाशी तयार नव्हते.

हे दोन प्रश्न दिसावयास वेगळे; परंतु विचार केल्यावर ते एकाच झाडाचे दोन फाटे आहेत असे आम्हांस वाटू लागले. सण कोणाचा? ज्या पूर्वजांनी तो प्रथम पाळला त्यांचा, ज्या ख्रिस्तसभेने त्यास बाप्तिस्मा दिला तिचा, की ज्या राष्ट्राने पुढे त्यावर आपले निशाण रोवले त्याचा? संत योहानाच्या अग्नीचा इतिहास पाहिला तर हे तिन्ही मालक एकामागून एक पुढे येताना दिसतात, आणि त्यांच्यातील भांडणही दिसते.

प्रथम तिथीचा विचार करू. संतांचे सण बहुधा त्यांच्या मृत्युदिनी पाळले जातात, कारण तोच त्यांचा स्वर्गातील जन्म होय. पृथ्वीवरील जन्मदिवस ख्रिस्तसभा केवळ तिघांचा पाळते: प्रभु येशूचा, पवित्र मातेचा आणि योहानाचा. गॅब्रिएल दूत मरियेकडे आला तेव्हा एलिझाबेथेस सहावा महिना होता असे संत लूक सांगतो. म्हणून नाताळाच्या आधी सहा महिने योहानाचा जन्म. मग २५ जून न होता २४ जून का? धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलीने आम्हांस हा प्रश्न विचारला होता, आणि तो चांगला प्रश्न होता. रोमन लोक पुढील महिन्याच्या पहिल्या तारखेपासून उलटे मोजीत. जानेवारीच्या पहिल्या तारखेपूर्वीचा आठवा दिवस २५ डिसेंबर. जुलैच्या पहिल्या तारखेपूर्वीचा आठवा दिवस २४ जून, कारण जून तीस दिवसांचा. रोमन पंचांगात हाच दिवस उन्हाळ्याच्या अयनाचा मानला जाई. या दिवसानंतर उत्तरेकडील देशांत दिवस लहान होऊ लागतो, आणि नाताळानंतर मोठा. योहानाने स्वतः म्हटले आहे की, ख्रिस्ताने वाढावे व आपण घटावे. संत ऑगस्टिनाने हे वचन त्या सूर्यमानाशी जोडून दाखविले आहे.

आता उत्तर युरोपातील शेतकऱ्याच्या जागी स्वतःस ठेवून पाहा. त्याचा हिवाळा अंधाराचा. जूनच्या अखेरीस त्याच्याकडे रात्र नावापुरतीच उरते. गवत कापणीस येते, जनावरे कुरणांत जातात. आपल्याकडे त्याच दिवसांत आभाळ भरलेले असते आणि चिखलात पाय रुततो. म्हणून त्या लोकांचा आनंद आपल्या अंगी लवकर भिनत नाही. आपण पहिल्या पावसाचा आनंद जाणतो, ते लांब दिवसाचा जाणत. त्या रात्री डोंगरमाथ्यांवर व गावच्या चौकांत ते मोठे जाळ करीत, तरुण जोडपी हात धरून ज्वाळांवरून उडी घेत, पेटती चाके उतारावरून खाली सोडीत, विशिष्ट वनस्पती गोळा करून दारांस बांधीत. जेम्स फ्रेझर नावाच्या स्कॉटिश पंडिताने १८९० साली प्रथम प्रसिद्ध केलेल्या ‘द गोल्डन बाउ’ या ग्रंथात पुढे अशा रीतींचा मोठा साठा जमविला. त्यावरून त्याने बांधलेले अनेक तर्क नंतरच्या विद्वानांनी नाकारले आहेत. पण साठा उपयोगाचा आहे.

हे सर्व मूर्तिपूजकांचेच, असे ज्यांना वाटते त्यांना आम्ही एक सावधगिरीची गोष्ट सांगू. या जाळांची तपशीलवार वर्णने आपणांस मिळतात ती ख्रिस्ती लेखकांकडून, व तीही बाराव्या शतकापासून. पॅरिसचा धर्मपंडित जाँ बेलेथ लिहितो की, लोक त्या रात्री जनावरांची हाडे जाळीत, कारण त्या दिवसांत आकाशात फिरणारे ‘ड्रॅगन’ म्हणजे उडते सर्प विहिरींत व नद्यांत आपले विष टाकतात अशी समजूत होती, आणि हाडांच्या धुराने ते पळतात. तेराव्या शतकात मांद नगराचा बिशप गिऱ्योम द्युरां याने तीच माहिती देऊन पेटत्या चाकाचा अर्थ लावला की, शिखरास पोचलेला सूर्य आता खाली उतरणार हे त्यातून दाखवितात. इंग्रजीतील ‘बॉनफायर’ हा शब्दही मुळात हाडांचा अग्नी असाच आहे. विहिरीतल्या विषाची भीती आणि संत योहान यांची सांगड पाहून आम्हांस आपल्या गावच्या विहिरी आठवल्या. त्या गोष्टीकडे पुढे येऊ.

जाळांहून जुनी साक्ष पाण्याची आहे. पाचव्या शतकाच्या आसपास उत्तर आफ्रिकेत संत ऑगस्टिनाच्या कळपातील ख्रिस्ती लोक योहानाच्या जन्मदिनी समुद्रावर जाऊन स्नान करीत. ऑगस्टिनाने आपल्या एका प्रवचनात यास अंधश्रद्धा म्हणून झिडकारले आहे. पुढे सहाव्या शतकात आर्लचा बिशप संत सेझेरियुस यानेही या सणाच्या रात्री झरे, तळी व नद्या यांत स्नान करू नका म्हणून आपल्या लोकांस बजाविले.

येथे आम्हांस स्वतःची एक गोष्ट सांगणे भाग आहे. सेमिनरीतून बाहेर पडून आम्ही एका किनाऱ्यावरील गावी सहायक धर्मगुरू म्हणून गेलो तेव्हा आमचे वय सत्तावीस वर्षांचे होते, आणि ऑगस्टिनाचे ते प्रवचन आमच्या डोक्यात ताजे होते. त्या गावी बार्देशातून लग्न होऊन आलेली एक वृद्ध माय होती. दर २४ जूनला ती जास्वंद, अबोली व रानवेली यांचा मुकुट गुंफून विहिरीच्या काठावर ठेवी, मेणबत्ती लावी, आणि आळीतल्या मुलांना पाण्यात उड्या मारावयास लावून त्यांना फणसाचे गरे वाटी. आम्ही पुढल्याच रविवारी वेदीवरून या प्रकारास मूर्तिपूजेचा अवशेष म्हटले. नाव घेतले नाही. परंतु विहीर गावात एकच होती. मिस्सा झाल्यावर ती माय दाराशी थांबली व म्हणाली, “फादर, तुम्ही आधी घरी येऊन सांगितले असते, तर मी फुले तोडलीच नसती.” दुसऱ्या वर्षी विहिरीवर मुकुट नव्हता. तिसरे वर्ष तिने पाहिले नाही.

पुष्कळ वर्षांनी ऑगस्टिनाचे तेच प्रवचन आम्ही पुन्हा उघडले, आणि सेमिनरीत जो भाग आमच्या नजरेतून निसटला होता तो आमच्यापुढे आला. आपण त्या वेळी बाहेरगावी होतो. मागे राहिलेल्या धर्मगुरूंनी स्नान करणाऱ्यांस प्रायश्चित्त दिले. त्यावर लोक कुरकुरले की, आम्हांस आधी बजाविले असते तर आम्ही हे केलेच नसते, असे ऑगस्टिन तेथे सांगतो. त्या लोकांची कुरकुर आणि त्या मायेचे बोलणे यांत शब्दाचाही फार फरक नाही. ऑगस्टिनाने ती तक्रार ऐकून घेतली व पुढील वर्षासाठी आधीच सूचना दिली. आम्ही ऐकून घेतली नव्हती.

ख्रिस्तसभेने या बाबतीत एकच धोरण नेहमी ठेवले असेही नाही. इ. स. ६०१ मध्ये संत ग्रेगरी पोप यांनी इंग्लंडकडे निघालेल्या मेलितुस मठाधिपतीस जे पत्र लिहिले ते बीड या इतिहासकाराने जपून ठेवले आहे. मूर्ती काढून टाका, पण मंदिरे पाडू नका; त्यांवर पवित्र पाणी शिंपडा व तेथेच वेद्या उभारा; लोकांस बैल कापण्याची सवय आहे, तर देवळाभोवती मांडव घालून त्यांना सणाचे जेवण करू द्या, असा त्या पत्राचा आशय. उंच जागी चढणारा उड्या मारून नव्हे, पायरी पायरीने चढतो, हे त्या महान पोपाने ओळखले होते. सतराव्या शतकात मो नगराचा बिशप बोस्युए याने आणखी व्यावहारिक मार्ग काढला. त्याच्या धर्मप्रांताच्या प्रश्नोत्तरीत असे शिकविले आहे की, अनेक धर्मग्रामांत ख्रिस्तसभाच योहानाचा अग्नी पेटविते, आणि तो पेटविण्याचे कारण हेच की लोकांच्या अग्नीतील अंधश्रद्धा निघून जावी. त्या अंधश्रद्धांची यादीही तेथे आहे: अग्नीभोवती नाच व मेजवानी, त्यावरून वनस्पती फेकणे, उपाशीपोटी पाला तोडून वर्षभर घरात ठेवणे, कोळसे जपून ठेवणे. त्याच काळात पॅरिसच्या ग्रेव्ह चौकात फ्रान्सचे राजे स्वहस्ते हा जाळ पेटवीत; १६४८ साली चौदाव्या लुईने तो पेटविला. तेथे जिवंत मांजरे पोत्यात घालून जाळण्याची दुष्ट रीत होती. पूर्वजांची म्हणून प्रत्येक रीत प्यारी मानणाऱ्यांनी ही मांजरे विसरू नयेत.

आतापर्यंत लोक आणि ख्रिस्तसभा असे दोनच मालक होते. तिसरा कसा आला हे इंग्लंडात स्पष्ट दिसते. जॉन स्टो या लंडनच्या शिंप्याने १५९८ साली आपल्या शहराचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात बालपणीच्या लंडनची एक हुरहूर आहे. जून व जुलै महिन्यांत सणांच्या पूर्वसंध्येस रस्त्यारस्त्यांतून जाळ होत. प्रत्येक जण लाकूड तरी देई किंवा श्रम तरी. सधन लोक दाराशी मेज मांडून शेजाऱ्यांस व वाटसरूंसही भाकरी व पेय देत. दारांवर भूर्जाच्या हिरव्या डहाळ्या, बडीशेप, पांढरी कमळासारखी फुले आणि संत योहानाच्या नावाची पिवळी फुले बांधीत. काचेच्या दिव्यांत रात्रभर तेल जळे. स्टो सांगतो की, ज्या शेजाऱ्यांत वैर असे त्यांचा इतर लोक मध्ये पडून या अग्नीपाशी समेट घडवीत. शब्दाची व्युत्पत्ती तो चुकीची देतो, चांगुलपणाचा अग्नी म्हणतो. परंतु ती चूक आम्हांस व्युत्पत्तीपेक्षा अधिक आवडते.

या रात्री लंडनमध्ये निघणारी सशस्त्र पहाऱ्याची मोठी मिरवणूक आठव्या हेन्रीने १५३९ साली बंद केली. धर्मसुधारणेनंतर संतांच्या पूर्वसंध्याच राहिल्या नाहीत. पण लोकांची जाळ करण्याची हौस काही कायद्याने विझत नाही. तिला नवी तारीख मिळाली. राणी एलिझाबेथ सिंहासनावर बसली तो १७ नोव्हेंबर, आणि १६०५ च्या दारूगोळ्याच्या कटानंतर ५ नोव्हेंबर, हे राष्ट्राचे अग्निदिन झाले. जो जाळ शेजाऱ्यांचे वैर मिटवीत असे, त्याच जाळात आता पोपचा पुतळा जळू लागला. अटलांटिकपलीकडील वसाहतींतही बोस्टनचे लोक पाच नोव्हेंबरला पोप व सैतान यांची सोंगे गाड्यांवरून मिरवून जाळीत.

आणि आता इतिहासाची एक वळणे घेणारी वाट पाहा. १७७५ च्या शरद ऋतूत अमेरिकन सैन्य कॅनडावर चालून गेले होते, आणि तेथील फ्रेंच कॅथलिकांनी आपणांस साहाय्य करावे अशी जॉर्ज वॉशिंग्टनची इच्छा होती. त्या वर्षीच्या ५ नोव्हेंबरला त्याने सैन्यास हुकूम काढून पोपचा पुतळा जाळण्यास मनाई केली. ज्यांचे सख्य हवे त्यांच्या धर्माची अशी विटंबना करणे म्हणजे वेडेपणा, असा त्याचा रोख होता. पुढल्या वर्षी २ जुलैला काँग्रेसने स्वातंत्र्याचा ठराव केला. दुसऱ्या दिवशी जॉन अॅडम्सने आपल्या पत्नीस लिहिले की, हा दिवस पुढील पिढ्या देवाच्या भक्तीने, मिरवणुकांनी, घंटांनी, तोफांनी, तसेच देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाळ व रोषणाई करून पाळतील. तारखेत तो दोन दिवसांनी चुकला, रीतीत चुकला नाही. १७७७ च्या ४ जुलैस फिलाडेल्फियात घंटा वाजल्या, शहर दिव्यांनी उजळले, आणि तेरा संस्थानांसाठी तेरा अग्निबाण सोडण्यात आले. नव्या राष्ट्राला उन्हाळ्यातला सण हवा होता, आणि आनंद कसा करावा हे त्याच्या हातांना आजोबांकडून ठाऊक होते. त्या रात्री कोणास संत योहानाची आठवण झाली असेल असे आम्हांस वाटत नाही. स्वित्झर्लंडातही असेच आहे. तेथील संस्थानांचा करार १२९१ च्या ऑगस्टारंभीचा. त्याच्या सहाशेव्या वर्षी, १८९१ साली, १ ऑगस्टचा राष्ट्रीय उत्सव प्रथम झाला, आणि त्या रात्री आजही डोंगरांवर जाळ दिसतात.

परंतु संताचे नाव कायम ठेवून राष्ट्राचा सण झाला तो क्वेबेकमध्ये. आणि तोच आपल्या विचारास सर्वांत उपयोगी आहे. फ्रान्सहून आलेल्या वसाहतकऱ्यांनी हा अग्नी आपल्याबरोबर आणला. येशूसंघीयांची १६४५ पासूनची एक रोजनिशी उपलब्ध आहे. तीत १६४०च्या दशकातील एका २३ जूनच्या रात्रीची नोंद अशी की, गव्हर्नर मोंमान्यी याने जाळ पेटविला, आणि तो पेट घेत असता येशूसंघाच्या अधिपतीने योहानाचे लॅटिन स्तोत्र गायिले. गायकवृंदातील मुलांसाठी सांगतो: हे तेच स्तोत्र, ज्याच्या ओळींच्या आरंभीच्या अक्षरांवरून अरेत्सोच्या ग्वीदो नावाच्या साधूने अकराव्या शतकात ‘उत, रे, मी, फा, सोल, ला’ ही स्वरांची नावे ठरविली. तुम्ही पेटीवर रोज योहानाचेच नाव घेत असता.

१७६३ मध्ये तो मुलूख इंग्रजांकडे गेला. पुढे १८३४ च्या २४ जूनला लुद्झेर द्यूव्हेर्ने या वृत्तपत्रकाराने मॉन्ट्रियलमध्ये एका वकिलाच्या बागेत सुमारे साठ मंडळींस मेजवानी दिली, आणि योहानाचा दिवस फ्रेंच कॅनेडियन लोकांचा राष्ट्रीय सण व्हावा असा संकल्प केला. तीन वर्षांनी बंड झाले, ते मोडले, द्यूव्हेर्नेस देश सोडावा लागला. तो १८४२ साली परतला, आणि पुढल्या वर्षी योहानाच्या नावाने संघ स्थापन झाला. मिरवणुका निघू लागल्या. कॅनडाचे आजचे राष्ट्रगीत प्रथम गायिले गेले तेही १८८० च्या २४ जूनला, क्वेबेक नगरात, या सणासाठी, फ्रेंच भाषेत. १९०८ साली संत दहावे पायस पोप यांनी योहानास फ्रेंच कॅनेडियन लोकांचा आश्रयदाता ठरविले.

मिरवणुकीच्या शेवटच्या रथावर कुरळ्या केसांचा एक लहान मुलगा कोकरू घेऊन बसे. तो बाळ योहान. अनेक पिढ्यांतील आयांची इच्छा असे की, आपल्या मुलास ते स्थान मिळावे. पण १९६०च्या दशकात त्या समाजाचे मन झपाट्याने पालटले. पराक्रमी होऊ पाहणाऱ्या राष्ट्राचे प्रतीक मेंढरू का, असे तरुण विचारू लागले. मुलाच्या जागी प्रौढ योहानाचा पुतळा आला. १९६८ च्या मिरवणुकीत दगडबाटल्यांचा वर्षाव झाला. १९६९ साली जमावाने तो पुतळाच उलथून टाकला आणि त्याचे डोके तुटले. हेरोदाच्या तुरुंगातील प्रसंग कोणास आठवला नसेल? १९७७ मध्ये सरकारने तो दिवस क्वेबेकचा राष्ट्रीय सण म्हणून जाहीर केला. जाळ आजही पेटतात, निळी निशाणे फडकतात, गाणी होतात; आणि ज्याचा जन्मदिवस तो संत बहुतेकांच्या लेखी केवळ एक नाव आहे.

यावरून राष्ट्राने सणास हात लावू नये असे कोणी म्हणेल, तर आम्ही त्यास एस्तोनिया दाखवू. १९१९ च्या २३ जूनला त्या चिमुकल्या देशाच्या सैन्याने, उत्तर लात्वियाच्या तुकडीसह, व्हन्नू गावापाशी जर्मन जमीनदारांच्या फौजेचा पराभव केला. १९३४ पासून तो विजयदिन झाला. सोव्हिएत अमलात त्यास बंदी होती. स्वातंत्र्य परत मिळाल्यावर तो पुन्हा सुरू झाला. आता त्या दिवशी सकाळी राष्ट्राध्यक्ष विजयाचा अग्नी पेटवितात, तो परगण्यापरगण्यांत नेला जातो, आणि त्यानेच रात्री योहानाचे जाळ शिलगतात. देवळात फारसा न जाणारा तो समाज आहे. पण त्या दिवसाचे नाव त्यांच्या भाषेत आजही योहानाचेच आहे. परक्याच्या राज्यात माणसे ज्या शेकोटीभोवती एकमेकांची भाषा बोलत बसली, ती त्यांना प्रिय असावी यात नवल नाही.

याच अग्नीचे एक भयंकर रूपही आमच्या पिढीच्या वडिलांनी वर्तमानपत्रांत वाचले. हिटलरच्या राजवटीत जर्मनीतील पक्षाच्या संघटनांनी अयनाचे जाळ मोठ्या थाटात सुरू केले. योहानाचे नाव मुद्दाम गाळले. पूर्वजांच्या रक्ताचा व सूर्याचा उत्सव असे त्यास रूप दिले. पोप अकरावे पायस यांनी १९३७ साली जर्मन भाषेत परिपत्र लिहिले. ते गुप्तपणे देशात नेऊन छापले गेले, आणि झावळ्यांच्या रविवारी, २१ मार्चला, देवळादेवळांतून वाचले गेले. वंश, राष्ट्र, राज्य यांस त्यांच्या जागी मान आहे. परंतु त्यांना सर्वांहून श्रेष्ठ मानून त्यांची मूर्तिपूजा करणारा देवाने लावलेली व्यवस्था उलटी करतो, असे त्यांनी बजाविले. गृहस्थहो, बैठकीत तुम्ही मूर्तिपूजेचे भय बोलून दाखविले ते रास्त होते. फक्त मूर्ती विहिरीच्या काठावरील फुलांत आहे की नाही हे पाहताना आम्ही दोघेही चुकीच्या बाजूस पाहत होतो.

आता गोव्याकडे वळू. पोर्तुगालात या रात्री जाळ, सुगंधी वनस्पती व पाणी ही तिन्ही असत. ब्राझीलमध्ये जून हा हिवाळ्याचा महिना असूनही जाळ टिकले. गोव्यात २४ जूनला पाऊस कोसळत असतो; तेथे अग्नी मागे पडून पाणी पुढे आले असावे, असा आमचा समज आहे. सांजांवच्या दिवशी मुले डोक्यावर फुलापानांचे ‘कोपेल’ घालून, घुमटाच्या तालावर गात, विहिरींत व तळ्यांत उड्या घेतात. नव्या जावयाचा सासुरवाडीस मान होतो. शिवोलीस शृंगारलेल्या होड्या येतात. उडीचा अर्थ लोकांनीच लावला आहे: मरियेचे अभिवादन ऐकताच एलिझाबेथेच्या उदरात बाळाने आनंदाने उडी मारली, तीच ही उडी. कोणा पंडिताने नव्हे, शेतकऱ्यांनी व रेंदेरांनी सांगितलेला हा अर्थ आम्हांस बोस्युएच्या प्रश्नोत्तरीइतकाच मोलाचा वाटतो. दारू पिऊन उडी मारण्याचा प्रकार मात्र आम्ही आपल्या गावात चालू देणार नाही. त्यात बुडणाऱ्यास कोणत्याही अर्थाचा उपयोग नसतो.

राहता राहिला तिरंगा. १५ ऑगस्ट हा मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा दिवस आणि आपला स्वातंत्र्यदिन, हा योग आपण योजलेला नाही. १९४७ साली लॉर्ड माउंटबॅटन यांनी ती तारीख निवडली ती जपानच्या शरणागतीच्या दुसऱ्या वाढदिवसावरून. फ्रान्समध्ये नेपोलियनने १८०६ साली याच तारखेस, आपल्या वाढदिवशी, ‘संत नेपोलियन’ नावाचा सण मरियेच्या सणावर लादला होता. सम्राट गेला, त्याचा पुतण्याही गेला, तो सणही गेला. मातेचा सण उरला. आम्ही मिस्सा आधी करतो व झेंडावंदन नंतर, तेही देवळाच्या पायऱ्या उतरून, अंगणात. हा क्रम आमच्या पूर्वीच्या धर्मगुरूंनी घातला आहे, व तो आम्ही बदलणार नाही. ज्या देशाने आपणांस अन्न दिले त्याचे आभार त्याच अंगणात मानावयाचे नाहीत तर कोठे?

अग्नीविषयी आमचा निर्णय असा. २३ जूनला संध्याकाळच्या घंटेनंतर देवळासमोरच्या फरसबंदीवर लहानसा अग्नी पेटविला जाईल. आधी योहानाच्या जन्माचे शुभवर्तमान वाचू, नंतर गायकवृंद ते लॅटिन स्तोत्र म्हणेल. ईस्टरच्या जागरणासाठी आणलेली वाळलेली लाकडे साठवणीच्या खोलीत राखून ठेवली आहेत. पाऊस फारच असला तर ओसरीत मोठी समई लावू. फुलांचे मुकुट मुलींनी गुंफावे. विहिरीवर ते आम्ही स्वतः नेऊन ठेवू, कारण ते ऋण आमच्यावर आहे.

एक गोष्ट उरली. ज्या विहिरीवर मुकुट न्यावयाचा तिच्या काठावरून आपल्यातील दोन घरे अकरा वर्षे एकमेकांशी बोलत नाहीत. ती कोणती हे सांगण्याची गरज नाही. लंडनच्या त्या शिंप्याचे वर्णन वाचल्यावर आम्ही दोन्ही घरी जाऊन आलो, या वेळी वेदीवरून बोलण्याच्या आधी, आणि अग्नी दोन्ही घरांतील वडील माणसांनी मिळून पेटवावा अशी विनंती केली. आज त्याचा उल्लेख करण्याची परवानगी दोघांनीही दिली आहे. एका घराने होकार कळविला आहे. दुसऱ्या घरी आम्हांस चहा मिळाला, आणि विचार करून सांगतो असे उत्तर मिळाले. २३ जूनला अजून पाच आठवडे आहेत. आम्ही पुढल्या आठवड्यात पुन्हा तिकडे जाणार आहोत. समितीपैकी जे कोणी त्या घराच्या सोयरिकीतले असतील त्यांनी आमच्याबरोबर यावे.